देवाला बोललेलं पिल्लू

मंगळवारी सकाळी मावशी मुलीच्या बाळंतपणासाठी गेली. जाताना तिने कोंबडी आणि सहा पिल्लं माझ्या ताब्यात दिली. बुधवारी कोंबडी मेली.

एकोणीसशे पन्नास ते साठ या वर्षांमधला तो एक पौष होता. मी तेव्हा तेवीस-चोवीस वर्षांची होते आणि समुद्रपूरपासून दोन कोसांवरच्या एका गावात शाळेवर होते. माझ्याबरोबर आई राहायची. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. आम्हाला राहायला दोन खोल्या आणि मागे थोडं परसू मिळालं होतं. परसाला पऱ्हाट्यांचं, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांचं, कुंपण होतं आणि कुंपणापलीकडे मावशीचं घर.

मावशी आमच्या नात्यातली नव्हती. ती गोंड. नवरा जंगलात लाकूडतोडीच्या कामावर असताना गेला, तेव्हापासून निंदणी-वेचणी करून तिने एकुलती मुलगी वाढवली आणि कारंज्याकडच्या एका गावात दिली. मी तिला मावशी म्हणत असे आणि अगं-तुगं करत असे. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी असून मला बाई म्हणे आणि अहो-जाहो करी. यात काही उलटं आहे असं त्या वेळी दोघींपैकी कुणालाच वाटलं नाही.

मुलीचं पहिलं बाळंतपण खरं तर माहेरी व्हायचं. पण तिचे पाय सुजले होते आणि तिला मोटारीत बसवू नका असं तिकडच्या वैद्याने सांगितलं होतं. म्हणून मावशीच निघाली. हिंगणघाट, वर्धा, आर्वी आणि मग कारंजा असा दोन दिवसांचा प्रवास होता. गावात तिचे जातवाले होते, तरी कोंबडी घेऊन ती आमच्या दारात आली.

“तुमच्या इथी ठेवलं तं एकबी कमी होनार नाई,” ती म्हणाली. “तुमी खात नाई ना.”

पिल्लं बारा-तेरा दिवसांची होती. सगळी तपकिरी, पाठीवर काळसर रेघा, एकाकडे पाहावं तर दुसरं तेच वाटावं अशी. त्यांतलं एक तिने अलगद उचललं. त्याच्या डाव्या पायात हळदीने पिवळा केलेला दोरा होता.

“हे देवाचं हाय, बाई. पोरगी मोकळी झाली का हे द्याचं हाय. बाकीच्यायचं काई झालं तं झालं. याच्याकडं ध्यान देजा.”

मी हो म्हटलं. तिने ते पिल्लू माझ्या ओंजळीत ठेवलं. त्याचं अंग इतकं हलकं होतं की हातात फक्त त्याची धडधड आली.

ती गेल्यावर आई म्हणाली, “जीव लावून वाढवायचं, ते कापायला?”

आई सकाळ-संध्याकाळ सूत कातायची. वडील असताना ते दोघं समोरासमोर बसून कातत. आता ती एकटी कातायची आणि फार थोडं बोलायची. त्यामुळे ती बोलली याचंच मला बरं वाटलं, आणि मी विषय वाढवला नाही.

बुधवारी शाळेतून आले तेव्हा कोंबडी कुंपणापाशी पडली होती. मानेला मुंगसाने धरलं होतं. आई आत होती; तिला फडफड ऐकू आली, पण बाहेर येईपर्यंत मुंगूस पऱ्हाट्यांत शिरलं होतं. पिल्लं दिसेनात. आम्ही दोघींनी कुंपणाच्या बुडाशी वाकून वाकून ती शोधली. पाच लवकर सापडली. सहावं, दोरा असलेलं, मावशीच्या बंद दाराला चिकटून उभं होतं.

कोंबडी नाही म्हणजे ऊब नाही, हे माझ्या ध्यानात यायला सकाळ व्हावी लागली. गुरुवारी मावशीने दिलेल्या खुराड्याचं दार उघडलं तेव्हा तीन पिल्लं बाहेर आली आणि तीन आतच पंख सोडून, डोळे मिटून बसून राहिली. त्यांना पांढरी पातळ हगवण लागली होती आणि मागची लव चिकटून कडक झाली होती. त्या तिघांत दोरावालं होतं.

शाळेत गटविकासच्या कचेरीकडून आलेल्या काही पुस्तिका होत्या. खताची, विहिरीत टाकायच्या औषधाची, कोंबड्यांची. कुणी त्या वाचत नसे. मी वाचत असे, कारण वाचायला गावात दुसरं काही मिळत नव्हतं. कोंबड्यांच्या पुस्तिकेत लिहिलं होतं: आजारी पिल्लं निराळी ठेवा, मागची जागा कोमट पाण्याने धुवा, पिण्याचं पाणी उकळून द्या, पिलांना ऊब द्या. मी चारही गोष्टी वहीत उतरून घेतल्या. ऊब कशाने द्यायची ते पुस्तिकेत लिहिलं नव्हतं.

पण आमच्या भागात ते सांगावं लागत नाही. पौषात घरोघरी कापसाचे ढीग असतात. कापसात मुलं लोळतात, म्हातारी माणसं पाय खुपसून बसतात, बाळंतिणीच्या कानात कापूस, दिव्यात कापूस. ऊब म्हटली की आम्हाला कापूसच सुचतो. आईकडे कातायला आणलेला पिंजलेला कापूस होता, सरकी काढलेला, धुरासारखा हलका. मी तो तिच्याजवळ मागितला. तिने मला दोन पसे दिला, मग थांबून आणखी एक पसा दिला. बांबूच्या टोपलीत तो पसरून मी तिन्ही पिल्लं त्यात ठेवली. ती त्यात रुतली आणि फक्त डोकी वर राहिली. मला फार समाधान वाटलं.

पुढचे चार दिवस मी घड्याळासारखी वागले. सकाळी शाळेआधी, मधल्या सुट्टीत, शाळेनंतर, दिवेलागणीला. धुणं, पुसणं, उकळलेलं पाणी कापडाच्या टोकाने चोचीवर सोडणं. ज्वारीचा भरडा भिजवून मी टोपलीतच टाकायची, म्हणजे त्यांना थंडीत बाहेर यायला नको. पहिल्या दोन दिवसांत मला दर खेपेला टोपलीवरचं फडकं उचलायची भीती वाटे. मी आधी कान लावायची. चिवचिव ऐकू आली की मग उचलायची. वर्गात पाढे म्हणून घेताना माझं लक्ष टोपलीत असायचं. एकदा मुलींनी सातच्या पाढ्यात चूक केली आणि ती माझ्या नव्हे, पहिल्या रांगेतल्या एका मुलीच्या ध्यानात आली.

आई टोपलीपाशी येत नसे. पण मी शाळेतून आले की न विचारता सांगायची, “ते दोऱ्याचं दोनदा ओरडलं.” किंवा, “आज गप्प आहे.”

शनिवारी दोन पिल्लं टोपलीच्या काठावर चढून बसली. रविवारी ती खाली उतरून बाकीच्या तिघांत मिसळली. दोरावालं अजून अशक्त होतं. पण त्याची हगवण थांबली होती आणि ते सारखं टोचत होतं. भरड्याचे कण कापसाला चिकटलेले असत; ते एकेक वेचून खाई. इतकं खातंय म्हणजे ते जगणार असं मी आईला सांगितलं. ते एकटं राहिलं म्हणून त्याच्याभोवतीचा कापूस मी आणखी वर ओढला.

सोमवारी सकाळी त्याला उचललं तेव्हा बोटाला काही तरी कडक लागलं. गळ्याखालची दाण्याची पिशवी सुपारीसारखी घट्ट झाली होती. रात्रभरात ती रिकामी व्हायला हवी होती. मी पुस्तिका उघडली. त्यात याबद्दल एक ओळ नव्हती. मी तिळाच्या तेलाचे दोन थेंब त्याच्या चोचीत सोडले आणि अंगठ्याने ती गाठ हळूहळू चोळली. ती मऊ झाली नाही.

मधल्या सुट्टीत आले तेव्हा ते चोच उघडून मान पुढे काढत होतं. चोचीच्या कोपऱ्यात एक पांढरा तंतू दिसत होता. मी तो चिमटीत धरला आणि ओढला. तो आला. आणखी ओढला, आणखी आला. आई कापसाच्या पेळूतून सूत काढते तसा तो येत राहिला, ओला, मध्ये मध्ये भरड्याचे कण चिकटलेला. मग तो ताणला गेला. पिल्लाने डोळे वटारले आणि पाय ताठ केले. ओढावं की सोडावं? ओढलं तर आतलं फाटेल, सोडलं तर गुदमरेल. मी ओढलं नाही. नखांनी तो तंतू चोचीपाशी तोडला, आणि उरलेला आत गेला.

तेव्हा मला सगळं कळलं. भरडा कापसात टाकला होता मी. कापूस वर ओढला होता मी. ते इतकं खात होतं याचा आनंद मानला होता तोही मीच.

मी कापूस काढून टोपलीत जुनं लुगडं घातलं. मंगळवारी आणि बुधवारी त्याला फक्त कोमट पाणी आणि तेल दिलं. बुधवारी संध्याकाळी गाठ जरा ढिली वाटली आणि मी आईला बोलावून तिलाही चाचपून पाहायला लावलं. आईने आयुष्यात पहिल्यांदा कोंबडीच्या पिल्लाला हात लावला. एका बोटाने. “मला काही कळत नाही गं,” ती म्हणाली, पण बोट लगेच काढलं नाही.

गुरुवारी मी शाळेत जाताना ते ओसरीवरच्या उन्हात होतं. आई शेजारी कातत बसली होती. मधल्या सुट्टीत आले तेव्हा चरखा थांबला होता. आई म्हणाली, आत्ताच गेलं, मान खाली ठेवली आणि मग उचलली नाही.

परसात शेवग्याखाली आम्ही खड्डा केला. पुरण्याआधी मी त्याच्या पायातला दोरा सोडला. का सोडला ते मला तेव्हा सांगता आलं नसतं. मावशीला तिची वस्तू परत द्यायला हवी असं काहीसं मनात होतं, इतकंच. मी तो पदराच्या टोकाला बांधला, हात धुतले आणि घंटा व्हायच्या आत शाळेत गेले. चौथीला त्या तासाला शुद्धलेखन होतं. मी धडा वाचत गेले आणि मुली लिहीत गेल्या. मध्येच मी वळून फळा पुसला. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.

त्या दोन दिवसांत मी मावशीला सांगायची वाक्यं तयार केली. ती मी वहीत लिहूनही काढली होती. पण शनिवारी पोस्टकार्ड आलं. मावशीने तिकडच्या कुणाकडून तरी लिहवून घेतलं होतं. मुलगी मोकळी झाली, मुलगा झाला, मुलगी बरी आहे. बाळ अंगावर पीत नाही, तोंडात धरतं आणि सोडून देतं. मंगळवारी दोघांना घेऊन येते. आणि शेवटी, लिहिणाऱ्याच्या अक्षरात पण मावशीच्या बोलीत: देवाचं हाय ते सांभाळजा.

मी कार्ड आईला वाचून दाखवलं. शेवटची ओळ वाचली नाही. मग परसात जाऊन पाच पिल्लांपुढे बसले. पाचही तपकिरी, पाठीवर काळसर रेघा. त्यांतलं आजारातून उठलेलं एक माझ्या हातावर चढायला शिकलं होतं. मी ते धरलं आणि पदराचा दोरा सोडून त्याच्या डाव्या पायात बांधला. दोन गाठी मारल्या. मान वर केली तर आई मागच्या दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलं, पिल्लाकडे पाहिलं आणि आत गेली. थोड्या वेळाने चरख्याचा आवाज सुरू झाला.

मी स्वतःला समजावलं की हे मी त्या बाळासाठी करते आहे. त्याच्या आईला आणि आजीला या वेळी धीर हवा. एका पिल्लाच्या जागी दुसरं. गेलं कुणाचं काय? पण त्या दिवसापासून मला दोरा असलेल्या पिल्लाकडे सरळ बघता येईना.

मंगळवारी उन्हं उतरताना ती तिघं आली. मुलगी थकलेली होती, तोंड सुकलं होतं. बाळ गोधडीत गुंडाळलेलं, एवढंसं. मावशी कुंपणापाशी आली. कोंबडी मेल्याचं मी सांगितलं. तिने हळहळ केली आणि मुंगसाला एक शिवी दिली. एक पिल्लू गेलं हेही मी सांगितलं. तिचा पहिला प्रश्न होता, “कोनतं?” मी बोट दाखवलं ते दोरा असलेल्या पिल्लाकडे. म्हटलं, “ते आहे.” तिने दोन्ही हात कपाळाला लावले. आणि मग मला म्हणाली, बाई, तुमचे उपकार फिटनार नाईत.

उद्या सकाळी दाणे टाकायचे आहेत, तुमी या, असं ती म्हणाली. दाणे म्हणजे काय ते तिने सांगितलं. बोललेलं पिल्लू तांदळापुढे सोडायचं. त्याने टिपले म्हणजे देवाने मानलं. नाही टिपले तर देवाच्या मनात काही आहे. मग आधी ते शोधायचं.

बुधवारी सकाळी मी लवकर उठले; पिल्लं अजून आमच्याकडेच होती. मावशीला पिल्लू नीट, भरलेलं दिसावं असं मला वाटत होतं. म्हणून भिजवलेली ज्वारी मी त्याला हातावर घेऊन चारली. ते खात गेलं आणि मी चारत गेले, त्याच्या गळ्याखाली गोल फुगा दिसेपर्यंत. इतकं खोटं केल्यावर निदान पिल्लू तरी बरं द्यावं, हा त्यामागचा विचार.

मावशीने अंगण सारवलं होतं. मध्ये तांदळाची चिमूटभर रास, बाजूला पाण्याचा तांब्या. मुलगी बाळाला घेऊन दारात बसली होती. मी एका कडेला बसले. आई कुंपणाच्या आपल्या बाजूला उभी राहिली. पलीकडे ती कधी गेली नव्हती. मावशीने पूर्वेकडे तोंड करून आपल्या गोंडी भाषेत काही म्हटलं आणि पिल्लू तांदळापुढे सोडलं.

पिल्लू उभं राहिलं. एक पाऊल टाकलं, तांदळात पाय घातला आणि खाली बसलं.

मावशीने त्याला उचलून पुन्हा ठेवलं. त्याने मान फिरवून माझ्याकडे पाहिलं. ते माझ्या हाताची वाट बघत होतं की नुसतं पोट भरून सुस्तावलं होतं, कोण जाणे. त्याने डोळे मिटले. मला त्या क्षणी उमगलं की त्याचं पोट मीच भरून आणलं आहे.

“खाय, माय,” मावशी म्हणाली. “खाय ना.”

तिसऱ्यांदा ठेवलं. अंगणात कुणी हलत नव्हतं. बाळाने तोंड उघडलं, मुलीने त्याला छातीशी लावलं, त्याने धरलं आणि सोडलं. मावशीने ते पाहिलं. मग ती मुलीकडे वळून त्यांच्या भाषेत बोलू लागली, आधी हळू, मग भरभर. मला त्यातलं एक अक्षर कळत नव्हतं, तरी ती काय विचारते आहे ते कळत होतं. तू कुठे गेली होतीस, कुणाच्या हातचं खाल्लंस, काय पाळायचं होतं आणि पाळलं नाहीस. मुलगी आधी मान हलवत राहिली. मग तिने काही तरी कबूल केलं, बहुधा जे तिने केलंच नव्हतं, आणि रडू लागली.

मी म्हटलं, “मावशी, हे ते नाही.”

ती थांबली.

“ते गेलं. गुरुवारी. दोरा मी याला बांधला.”

“कायनं गेलं?”

“कापसानं. मी कापसात ठेवलं होतं. त्यानं तो गिळला.” मग बाकीचंही सांगितलं. “आणि हे खात नाही, कारण याला मी आत्ताच पोटभर चारून आणलं. तिची काही चूक नाही.”

मावशी खाली बसली. पसरलेले तांदूळ तिने गोळा करून मुठीत घेतले. माझ्याकडे तिने पाहिलं तेव्हा मला वाटलं ती ओरडेल. ती ओरडली नाही.

“मेलं त्याचं काई नाई, बाई. पिल्लू मरते. म्या पाहून राह्यली ना लहानपनापासून.” तिचा आवाज अगदी साधा होता. “दोरा काऊन बदलला?”

मी पिल्लू उचलून तिच्यापुढे धरलं.

“देव का शाळा पाहाले आलेला साहेब हाय? एकाच्या जागी दुसरं पोरगं उभं कराले?”

शाळेची तपासणी आली की गैरहजर मुलींच्या जागी आम्ही गावातल्या कुठल्याही मुली आणून बसवत असू, हे तिला ठाऊक होतं. एकदा तिच्याच भाचीला मी तशी बसवली होती.

कुंपणापलीकडून आई म्हणाली, “मीही पाहिलं होतं हो. बोलले नाही.”

मावशीने तिच्याकडे मान वळवली. उठून तिने पिल्लाच्या पायातला दोरा दाताने तोडला. मग मुलीपाशी जाऊन तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून मला विचारलं, “कुठी पुरलं?”

मी तिला शेवग्याखाली नेलं. तिने माती हाताने सपाट केली, मुठीतले तांदूळ तिथे ठेवले आणि दोरा वर ठेवला. मग उकिडवी बसून ती आपल्या भाषेत बोलली. समोर बसलेल्या माणसाशी बोलावं तसं. मध्ये एकदा माझ्याकडे बोट केलं. माझ्याबद्दल काय सांगितलं ते मी कधी विचारलं नाही.

उठताना ती म्हणाली, “त्याचं होतं, त्याच्याकडं गेलं. आपल्या हातानं नाई गेलं, एवढंच.” आणि पिल्लाकडे बघून, “याले कोनी बोललं नाई. हे मोकळं.”

आम्ही परतलो तेव्हा आई मावशीच्या अंगणात उभी होती. ती कुंपणाला वळसा घालून गेली होती. तिच्या हातात पिंजलेल्या कापसाचा बोळा होता. तिने मुलीला विचारलं, बाळाला बोळ्याने दूध दिलंस का? ओढायची ताकद नसली की आधी बोळ्यावर शिकवावं लागतं, माझी मोठी तशीच वाढली. मोठी म्हणजे माझी थोरली बहीण; वडील गेल्यापासून आई तिच्याबद्दल बोलली नव्हती.

मी पुढे झाले आणि म्हटलं, “आई, कापूस नको.”

“मी धरून बसते,” आई म्हणाली.

तिने बोळ्याला लांब शेपूट ठेवलं आणि ते आपल्या तर्जनीला तीन वेढे देऊन घट्ट धरलं. मुलीने वाटीत दूध काढून दिलं. आईने बोळा भिजवला आणि बाळाच्या ओठांना लावला. मी आईच्या बोटावरचे वेढे मोजत होते. एक, दोन, तीन. पुन्हा एक. बाळाचे ओठ हलले. थेंब बाहेर ओघळला. आईने पुन्हा भिजवला. मावशी माझ्या शेजारी येऊन उभी राहिली होती आणि तीही त्या बोटाकडेच बघत होती. कितव्या तरी खेपेला बाळाने बोळा ओढला. वेढे ताणलेले मी पाहिले. आईने बोट हलू दिलं नाही.

सहा-सात दिवस आई रोज त्या अंगणात जाऊन बसली. आठव्या दिवशी बाळ अंगावर पिऊ लागलं. तो मुलगा पुढे आजीकडे राहून माझ्या शाळेत, तोवर ती मुलामुलींची झाली होती, चौथीपर्यंत शिकला. त्याला यातलं काही ठाऊक नाही.

पाचही पिल्लं वाढली. मोकळं सोडलेलं ते कोंबडी निघालं आणि बरीच वर्षं जगलं. तिच्या पहिल्या पिल्लांतून मावशीने एक देवाला बोललं आणि दिलं. त्या दिवशी तिने मला बोलावलं नाही. ती माझ्याशी पूर्वीसारखी बोलायची, शेंगा द्यायची, चेष्टा करायची. पण गावाला जाताना पिल्लं ती आमच्या घरी आणून आईच्या हवाली करायची. “बाईले शाळा असते,” म्हणायची. आई ती घ्यायची. आईने त्यांना कधी कापूस घातला नाही. गरम राखेचं मडकं फडक्यात गुंडाळून टोपलीत ठेवायची. मी ओसरीवर वह्या तपासत बसायची आणि टोपलीकडे बघायची.

मी शेवग्याखाली किती वेळा गेले ते सांगता येणार नाही. तिथे खूण काही नव्हती. तांदूळ चिमण्यांनी दुसऱ्याच दिवशी नेले आणि दोरा वाऱ्याने गेला असावा. बदली होऊन नाचणगावला आले तेव्हाही निघायच्या सकाळी मी तिथे उभी राहिले. एवढ्याशा जिवासाठी इतकी वर्षं मनात काही राहावं याची मला पूर्वी लाज वाटे. आता वाटत नाही. त्याला मी मारलं, आणि मेल्यावर त्याच्या जागी दुसरं उभं केलं. पहिलं अजाणता केलं, दुसरं जाणून. मला दुसरं अधिक आठवतं.

आई गेली. मावशीही गेली, तिच्या मुलीने कार्ड पाठवलं, ते मिळेपर्यंत तेरावा दिवस होऊन गेला होता. ती बांबूची टोपली माझ्याकडे आहे. तिच्यात मी सुया आणि दोऱ्याची रिळं ठेवते. तळाच्या कामट्यांत कापसाचे दोन-तीन तंतू अडकलेले आहेत.